पुजाऱ्याच्या पोटाचा प्रश्न

महोदय,

श्रद्धा गमावलेल्या धर्मगुरूंविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. मात्र श्रद्धा उरली नसतानाही पदावर राहणाऱ्यांना त्यात सरसकट ढोंगी ठरवले आहे, ते पटले नाही. अमेरिकेत तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट आणि संशोधक लिंडा लास्कोला यांनी २०१० मध्ये अशा पाच सेवारत पाद्र्यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला, तो त्यांची खरी नावे झाकूनच. पुढच्याच वर्षी अशा आजी-माजी धर्मगुरूंसाठी ‘क्लर्जी प्रोजेक्ट’ हा ऑनलाइन आधारगट सुरू झाला आणि तिथेही गुप्तता पाळावी लागली.

आमच्या गावातील एका वृद्ध पुजाऱ्यांनी कार्तिकात काकडा आटोपल्यावर निरांजनाची काजळी पुसता पुसता मला सांगितले, की पत्नी गेल्यापासून हात जोडले जातात, पण समोर कोणी आहे असे वाटत नाही. देवस्थानच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार आणि देवस्थानच्याच जमिनीत त्यांची पऱ्हाटी. आरती सोडली, तर छप्पर आणि शेत दोन्ही एकाच दिवशी सुटतात. साप चावलेल्या माणसाला अंगारा न लावता आधी दवाखान्यात पाठवणारे गावात हेच पहिले (त्यावरून त्यांना बोलणीही खावी लागली होती). अशा माणसाला साठीनंतर दुसरे कोणते काम मिळू शकते, याची चौकशी लेखकाने चार गावांत फिरून केली असती, तर ‘ढोंगी’ हा शब्द त्यांच्या लेखणीतून इतक्या सहज उतरला नसता.

— एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती