काकूंचा गिझर आणि तुझे रेडिएटर

लष्कर, ग्वाल्हेर
जानेवारी

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

आधी काळजीचं सांगून टाकतो. काकू बऱ्या आहेत, न्हाणीघरात काही फुटलेलं नाही आणि गिझर पुन्हा सुरू झालाय. फोनवर तू ‘नक्की काय झालं होतं?’ म्हणून विचारलंस तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, आणि दोन वाक्यांत उरकावं असं ते नव्हतंच. पत्र लांबेल, पण सगळं वाच. यातलं बरंचसं तुझ्या लंडनच्या घरालाही लागू आहे.

यंदा आपल्याकडे थंडी कडक आहे. पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, आणि धुकं असं की बाड्यावरून जाताना समोरची टमटम दिसत नाही. अशा दिवसांत काकूंनी गिझर बंद करून टाकला होता. कारण विचारलं तर म्हणाल्या, “आत कुणी खडे उकळतंय रे. मग एकदम गुरगुरतं. मला एकटीला भीती वाटते.” मग त्या काय करत होत्या, तर गॅसवर पातेलं तापवायचं आणि ते दोन फडक्यांत धरून चौक ओलांडून न्हाणीघरात न्यायचं. दवाने निसरडी झालेली फरशी, हातात उकळतं पाणी आणि काकूंचं वय. खरं सांगतो, गिझरच्या आवाजापेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटली.

आता तो आवाज कसला ते ऐक. तुमच्या घरी पिण्यापुरतं नळाचं पाणी, बाकी सगळं बोअरचं. बोअरच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी गार आहे तोवर तो गप्प राहतो. तापलं की विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते जिथे सगळ्यात जास्त गरम, तिथेच चिकटतं. म्हणजे पाणी तापवणाऱ्या रॉडवर. एकावर एक पापुद्रे चढत जातात. मग रॉडची उष्णता टाकीतल्या पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. थराच्या फटींत अडकलेलं थोडंसं पाणी तिथल्या तिथे उकळून वाफ होतं, वाफेचा बुडबुडा थराबाहेर येतो आणि भोवतीच्या गार पाण्यात फट्‌दिशी मिटतो. असे हजारो बुडबुडे एकदम मिटायला लागले की खडे उकळल्यासारखं ऐकू येतं. गुरगुर वाढते ती थर जाड झाला म्हणून. त्या आवाजाने लगेच कुणाला इजा होत नाही, पण वीज जास्त जळते, पाणी तापायला वेळ लागतो आणि रॉड आतल्या आत भाजून एक दिवस जातो.

मी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, पाडला, टेस्टरने खात्री केली, पाण्याचा कॉक बंद केला आणि टाकी रिकामी करायला घेतली. पाणी नीट येईना. धार करंगळीएवढी, तीही अडखळत, बरोबर पांढरा चुरा. रॉड धरणाऱ्या खालच्या चकतीचे, म्हणजे फ्लँजचे, बोल्ट सोडून रॉड खाली ओढला तर तो निघेना, कारण थरामुळे तो भोकापेक्षा जाड झाला होता. पेचकसाने ठोकायचा मोह होतो अशा वेळी. ठोकायचं नसतं. टाकीला आतून काचेचा लेप असतो, त्याला टवका उडाला की तिथून गंज सुरू. लाकडी पट्टीने हळूहळू खरवडत थर मोकळा केला. राखाडी-पांढरे, वाकडे तुकडे घमेल्यात पडले, काही माझ्या अंगठ्याइतके जाड. काकूंनी एक तुकडा उचलून बघितला आणि म्हणाल्या, “हे सगळं मी अंगावर घेत होते?” त्यांना समजावलं की अंगावर आलं ते नुसतं पाणी, हे मागे राहिलं ते.

रॉडला मीटर लावला. २००० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम दाखवतो, तेवढा दाखवतही होता. पण मधोमध काळा डाग आणि बारीक चीर. म्हणून नवाच घातला, रबरी गॅस्केटही बदललं. मॅग्नेशियमची कांडी, जी टाकीऐवजी स्वतः गंजते, तिची नुसती तार उरली होती. तीही बदलली. इथवर सगळं रोजच्या कामातलंच होतं.

खरी गोष्ट यापुढे आहे. गार पाण्याच्या नळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या तोंडात कुणीतरी स्क्रू ठोकून वर एमसीलचा गोळा थापला होता. काकूंना विचारलं. मागच्या थंडीत तिथून पाणी टपकायचं, भिंतीला ओल यायची, म्हणून त्यांनी एका मिस्त्रीला बोलावलं होतं. त्याने दहा मिनिटांत ‘बंद करून दिलं’ आणि पैसे घेऊन गेला. काकूंचा यात काही दोष नाही. त्यांनी टपकणं थांबवायला सांगितलं, त्याने थांबवलं. पण ते टपकणं म्हणजे बिघाड नव्हता. पाणी दहा अंशांवरून सत्तर अंशांवर गेलं की सुमारे दोन टक्क्यांनी फुगतं. पंचवीस लिटरच्या टाकीत ते अर्ध्या लिटरच्या आसपास जातं. त्याच व्हॉल्व्हमध्ये उलटं पाणी अडवणारी झडप असल्यामुळे ते वर गच्चीच्या टाकीत परत जाऊ शकत नाही. नळ बंद असेल तर या अर्ध्या लिटरने जायचं कुठे? दाब वाढला की व्हॉल्व्ह तेवढंच बाहेर सोडतो. तापताना टपकणं हे त्याचं कामच आहे. गार असतानाही सतत टपकत असेल तर व्हॉल्व्ह बदलायचा, तोंड बुजवायचं नाही.

तुला तिघरा आठवतो ना? शाळेच्या सहलीला धरणाचे दरवाजे बघायला नेलं होतं. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसले, नंतर आपल्या तिघऱ्याला. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की माणसाने हात न लावता दार उघडायचं आणि जास्तीचं पाणी सोडून द्यायचं. गिझरच्या त्या पितळी व्हॉल्व्हचं काम हुबेहूब तेच. धरणाचा दरवाजा गळतो म्हणून तो वितळवून जोडून टाका असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. न्हाणीघरात मात्र हेच सर्रास चालतं.

गिझरमध्ये रोखणारे तीन असतात. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट. तो अडकला तर पाणी फार तापल्यावर वीज तोडणारा कटआउट. तोही चुकला तर शेवटचा हा व्हॉल्व्ह. काकूंचे पहिले दोन शाबूत होते म्हणून वर्ष निभावलं. पण माझ्याकडे असे गिझर येतात की कटआउट वारंवार वीज तोडतो म्हणून त्याच्या दोन तारा जोडून ‘डायरेक्ट’ केलेलं असतं. त्यात थर्मोस्टॅट चिकटला आणि व्हॉल्व्ह बुजवलेला असला की वाट संपली. आठ बारच्या दाबाखाली पाणी १७५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातलं बरंच पाणी क्षणात वाफ होतं. वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. छत आणि भिंत उडते ती यामुळे. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. काकू त्याच भिंतीपलीकडे झोपतात, म्हणून लिहितोय.

व्हॉल्व्ह नवा बसवला आणि त्याच्या तोंडाला नळी लावून ती मोरीत सोडली. भिंत कोरडी राहील, टपकायचं ते टपकेल. सोळा अँपियरचा प्लग आणि अर्थिंगही तपासलं. प्लगचं एक टोक तपकिरी पडलं होतं, तो बदलला. काकूंना एकच आवाज वेगळा करून शिकवलाय: प्लगपाशी किंवा गिझरच्या झाकणाखाली तडतड ऐकू आली, जळका वास आला, तर तो चुन्याचा आवाज नाही, ती सैल जोडणीतली ठिणगी. तेव्हा गिझरला हात न लावता सरळ एमसीबी पाडायचा आणि मला फोन करायचा. बाकी तापताना पत्रा टकटक करतो, गार होताना करतो, त्याला घाबरायचं कारण नाही. नळ झटकन बंद केला की पाइपात धाड होते, तो वाहत्या पाण्याला अचानक अडवल्याचा धक्का. नळ हळू फिरवला की जातो. आता थर्मोस्टॅट साठवर ठेवलाय. पंच्याहत्तरवर चुना फार लवकर बसतो, आणि साठचं पाणीसुद्धा बादलीत विसणावंच लागतं.

अजून एक. शेजारच्या वहिनी काकूंना गॅस गिझर घ्या म्हणून मागे लागल्या आहेत, स्वस्त पडतो म्हणून. तू स्पष्ट नाही म्हण. तुमचं न्हाणीघर आतल्या बाजूला, एकच छोटी खिडकी, आणि थंडीत काकू तिलाही बोळा लावतात. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे आंघोळीला गेलेलं माणूस दार तोडून बाहेर काढावं लागतं. गॅस गिझर पेटताना भक्‌ असा मोठा आवाज करत असेल, म्हणजे गॅस आधी साठून मग पेटत असेल, तर तो तसाच वापरत राहणं म्हणजे जिवाशी खेळ. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो बाहेर मोकळ्या हवेत लावावा. काकूंच्या घरी तो नकोच.

आता तुझ्याकडचं. रात्री रेडिएटरमध्ये, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवणाऱ्या त्या यंत्रात, खळखळतं म्हणालास, पाइप टकटक करतात आणि बॉयलरमधून किटलीसारखा सूं-सूं येतो. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

खळखळ म्हणजे आत हवा. हात लावून बघ: रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल तर नक्की हवाच. हीटिंग बंद करून, गार झाल्यावर, कडेच्या चौकोनी नाकाला किल्ली लावून थोडी फिरव, खाली फडकं धर. फुस्स होऊन पाणी आलं की बंद कर. मग बॉयलरचा दाबाचा काटा बघ, गार असताना एक ते दीड बार हवा. उलट वर गरम आणि खाली गार असेल तर तळाशी काळा गाळ आहे, रेडिएटरच्याच लोखंडाचा. तो धुवून काढावा लागतो, ते काम तू करू नकोस.

टकटक निरुपद्रवी. तांब्याचा पाच मीटरचा पाइप पन्नास अंशांनी तापला की चार मिलिमीटर वाढतो आणि फळीखाली कुठल्यातरी क्लिपला किंवा लाकडाला घासून पुढे सरकतो. जुन्या लाकडी फरशीचं घर आहे म्हणालास, मग होणारच. झोप मोडत असेल तर पाइप जिथे लाकडातून जातो तिथे कुणाकडून तरी मऊ पट्टी घालून घे.

सूं-सूं मात्र ऐकून सोडून देऊ नकोस. लंडनचं पाणीही खडूच्या दगडातून येतं, आपल्या बोअरसारखंच चुन्याचं. रेडिएटरच्या बंद फेऱ्यात तेच तेच पाणी फिरतं, त्यामुळे चुना वाढायला नको. पण दाब उतरतो म्हणून तू दर आठवड्याला पाणी भरतोस असं म्हणालास, तिथे माझा कान टवकारला. प्रत्येक भरण्याबरोबर नवा चुना आत जातोय, आणि आधीचं पाणी कुठेतरी जातंय. बाहेरच्या भिंतीतून एक तांब्याची बारीक नळी निघालेली असेल, तिच्या तोंडाखाली ओल आहे का बघ. तोच तुझा सेफ्टी व्हॉल्व्ह, साधारण तीन बारला सुटणारा. तिथून टपकत असेल तर नळीचं तोंड बुजवू नकोस, कुणाला बुजवू देऊ नकोस. आणि बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नकोस. तुमच्याकडे गॅसच्या कामाला ‘गॅस सेफ’ या तिथल्या अधिकृत यादीत नोंदणी असलेलाच माणूस कायद्याने लागतो. त्याला बोलाव, त्याचं ओळखपत्र बघ, आणि त्याला तीन गोष्टी सांग: दाब किती दिवसांत उतरतो, आवाज नळाचं गरम पाणी घेताना येतो की फक्त हीटिंग चालू असताना, आणि नळी ओली आहे की नाही. एवढं सांगितलंस तर त्याचा निम्मा वेळ वाचेल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात आहे का? नसेल तर बॉयलर असलेल्या खोलीत याच आठवड्यात लाव, बटण दाबून वाजतो का बघ.

काकूंच्या गिझरची टाकी जुनी आहे, तळाच्या जोडाला गंजाची रेघ दिसते. ही थंडी निघेल. दिवाळीच्या आधी नवा घेऊ, पंचवीसऐवजी पंधरा लिटरचा, एकट्या माणसाला पुष्कळ. तू पैसे पाठवायची घाई करू नकोस. तू फक्त त्यांना फोनवर सांग की व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी आलं तर ते चांगलं आहे, आणि मी आल्याशिवाय कुठल्याही मिस्त्रीला गिझरला हात लावू द्यायचा नाही. माझं त्या ऐकतात, पण ‘अरुणने सांगितलंय’ म्हटलं की पक्कं होतं. पातेलं मी माळ्यावर ठेवून आलोय.

बाहेरच्या नळीचं काय निघालं ते कळव.

तुझा,
दिगू