बायोप्सीचा रिपोर्ट आला

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईला नीट ऐकू येत नाही आणि बाबा तिला सगळं गाळून सांगतात. म्हणून पत्र. बाबा, मोठ्याने वाचा, मधलं वगळू नका.

किडनीत ल्यूपस नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो माझा आजार तिथे पोचलेला नाही. आणि आई, तुझ्या लोणच्याच्या फोडीनेही हे झालेलं नाही. रडणं थांबव.

हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला तेव्हा क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) ०.९ होतं, पाचव्या आठवड्यात ३.४. सूज नाही, लघवीही कमी नाही, नुसती मळमळ आणि थकवा. सगळ्यांना आधी ल्यूपसच आठवला, मलाही. व्हॉल्व्ह त्यानेच खाल्ला होता, आता किडनीची पाळी. पण लघवीतून प्रथिनं फारशी जात नव्हती, ल्यूपस किती भडकलाय ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांत सी३-सी४ नेहमीसारखे होते, डीएस-डीएनए वाढला नव्हता. ल्यूपस किडनीत उठतो तेव्हा बहुतेकदा याच्या उलट दिसतं. तरी खात्री सुईनेच व्हायची. धातूच्या व्हॉल्व्हमुळे रक्त गोठू न देणारं वॉरफरिन चालू. सुईने रक्तस्राव होऊ नये म्हणून ते थांबवून हेपरिनवर ठेवलं, त्याचं कामही तेच पण असर लवकर उतरतो, मग तेही काही तास बंद करून पाठीतून तुकडा काढला. नंतर दिवसभर उताणी पडून. रात्री वॉर्ड निजला की व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते. शेजारच्या आजींनी विचारलं, घड्याळ उशाखाली घेऊन झोपतेस का गो?

रिपोर्टप्रमाणे किडनीच्या गाळण्या शाबूत आहेत. दाह आहे तो नळ्यांच्या मधल्या जागेत, औषधाच्या ॲलर्जीचा. संशय पॅन्टोप्राझोलवर, म्हणजे ऑपरेशननंतर रोज उपाशीपोटी घ्यायचे ती ॲसिडिटीची गोळी. ती बंद झाली, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड वाढवलं, आज क्रिएटिनिन १.८. किडनीत ल्यूपस निघाला असता तर द्यायचं ते जहाल सायक्लोफॉस्फामाइड टळलं. तोंड मात्र पुन्हा वड्यासारखं फुगलंय.

बाबा, आता तुमचं. तीच गोळी तुमच्या फडताळात आहे, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, किती वर्षं झाली तुम्हीच मोजा. असं फार क्वचित कुणाला होतं, मान्य. पण तुमचं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं? सोमवारी डॉक्टरांकडे ते पाकीट घेऊन जा. गुडघ्यासाठी घेता त्या पेनकिलरचंही न्या, ते लपवू नका.

आई, अळू नको म्हणाले होते ते मागे घेते. पालेभाजी चालते, फक्त रोज साधारण सारखीच हवी, नाहीतर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, हलतो. गणपतीत फदफदं कर. मी एकच वाटी खाईन, आग्रह करायचा नाही.

तुमची,
मनू