आई, थायरॉइडची गोळी चहाबरोबर नको गं

प्रिय आई-बाबा,

बाबांनी पाठवलेला रिपोर्ट बघितला. आईचा टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतो तो आकडा) ९ च्या वर गेलाय आणि गोळी तर तीच आहे, ७५ मायक्रोग्रॅमची, मग एवढा वाढला कसा याचाच विचार करत होते. तेवढ्यात आई फोनवर सहज बोलून गेली की हल्ली सकाळी चहाबरोबरच सगळ्या गोळ्या उरकून टाकते, थायरॉइडची, कॅल्शियमची, सगळ्या. आई, मला वाटतं गडबड तिथेच आहे. कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही, लोहाच्या गोळीचंही तसंच, आणि चहा-कॉफीनेही ती कमीच शोषली जाते. म्हणजे तू रोज न चुकता गोळी घेतेयस आणि अंगी लागतेय अर्धवट, म्हणूनच तो थकवा, बद्धकोष्ठ, उन्हाळ्यातही पायात मोजे.

तर उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर फक्त ती एक गोळी घे, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, तासाभराने घेतलास तर उत्तमच. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, मध्ये ४ तास तरी जाऊ देत. आणि ती बाटली गॅसशेजारच्या फळीवरून आजच हलव, उष्णतेने आणि दमटपणाने औषध खराब होतं, बेडरूमच्या कपाटात ठेव.

बाबा, तुम्ही मनानेच १०० ची सुरू करू नका प्लीज. डोस जास्त झाला की छातीत धडधडतं, ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात आणि आईची हाडं आधीच नाजूक आहेत. वजन उतरवायचं ते औषध नाहीच. डॉक्टरांना आधी या वेळांचं सगळं सांगा, डोसचं ते ठरवतील. आणि बदल केला की लगेच पुढच्या आठवड्यात तपासून काही कळत नाही, टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे लागतात. केसांसाठीची बायोटिनची गोळी चालू असेल तर तेही लॅबवाल्यांना सांगा, तिने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

थायरॉइडला वाईट म्हणून कोबी बंद करायची काही गरज नाही, शिजवलेली भाजी खुशाल खा. नेहमीच्या मिठाऐवजी सैंधव वापरायचं मात्र मला पटत नाही, त्यात आयोडीन जवळजवळ नसतंच, रोजच्या जेवणात आयोडीनवालं मीठच राहू दे.

रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा आईच्या सगळ्या गोळ्या समोर घेऊन बसा, कुठली कधी घ्यायची ते एकदा नीट लिहून काढू.

तुमची,
मनू