जुन्या गाडीचा डायनामो भंगारात घालण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्नास वर्षांवरच्या खासगी मोटारी आणि दुचाकींना जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट दिली. गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, ही त्यातली अट. डायनामो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) किंवा कटआउटच्या पेटीबद्दल (डायनामो आणि बॅटरी यांच्यामधली नियंत्रणाची पेटी) त्यात काही नाही, आणि गाडीतून सर्वात आधी निघतात त्या याच वस्तू. ‘चार्जिंग होत नाही’ म्हटले की डायनामो उतरवायचा, त्याच्या जागी नव्या गाड्यांतला अल्टरनेटर चढवायचा आणि जुना माल वजनावर विकायचा. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांतला ब्रिटिश लुकास कंपनीचा सी-39 किंवा सी-40 डायनामो घरच्या हत्यारांनी तपासता येतो. दोष अनेकदा त्यात नसतोच.

डायनामोवरचे मोठे टर्मिनल ‘डी’, छोटे ‘एफ’. दोन्हीच्या वायरी काढाव्यात, डी आणि एफ तारेच्या तुकड्याने एकत्र जोडावेत आणि तो जोड व बॉडी यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावावा. इंजिन चालू करून वेग हळूहळू वाढवावा. काटा न थरथरता झरझर चढला तर डायनामो ठणठणीत आहे. वीस व्होल्टच्या आत थांबायचे, इंजिन रेस करायचे नाही. काटा अर्ध्या-एक व्होल्टवरच अडला तर फील्ड कॉइल (आतली स्थिर, चुंबकत्व देणारी कॉइल) पाहावी, चार-पाचवर अडला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग). थरथरत असेल तर कार्बन (ब्रश) झिजलेले असतात किंवा कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या, फटींतला मायका (अभ्रक) वर आलेला असतो. तांबे झिजते, मायका तेवढा झिजत नाही. मग कार्बन त्याच्यावरून उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. हॅक्सॉच्या पात्याची जाडी घासून कमी करावी आणि मायका 0.8 मिमी खोल कोरावा. एवढ्यासाठी आर्मेचर नव्याने बांधून घ्यायची गरज नाही.

डायनामो चांगला निघाला की पेटीकडे वळावे, आणि सर्वात जास्त नुकसान इथेच होते. लुकासच्या आरबी-106 पेटीत कटआउट (डायनामो थांबला की बॅटरीला त्यापासून तोडणारा स्विच) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) शेजारी शेजारी असतात. पेटीच्या ‘ए’ आणि ‘ए-1’ टर्मिनलच्या वायरी काढून एकमेकींना जोडल्या, म्हणजे बॅटरी बाजूला ठेवली, की रेग्युलेटर सोळा व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. अल्टरनेटरची सवय असलेला कारागीर तो आकडा पाहून दचकतो आणि स्क्रू फिरवून चौदावर आणतो. तिथून पुढे बॅटरी कधीच भरत नाही! या रेग्युलेटरमध्ये करंट वाहणारे जादा वेढे असतात. लोड वाढेल तसा व्होल्टेज ते आपोआप खाली आणतात. म्हणून लोड नसताना सोळा हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून, हवेच्या तापमानाप्रमाणे घ्यावा आणि मोजमाप तीस सेकंदांत उरकावे. कॉइल तापली की आकडा सरकतो.

स्क्रूला हात लावण्याआधी पेटीच्या ‘ई’ टर्मिनलची अर्थ वायर (बॉडीला जोडलेली) मात्र जरूर पाहावी. तिच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज किंवा रंग असला की कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, रेग्युलेटरचे पॉइंट उशिरा उघडतात आणि डायनामो मोकाट सुटतो. बॅटरीचे पाणी उकळते, बल्ब उडतात आणि दोष मात्र रेग्युलेटरच्या माथी येतो. लग सोडून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, मग लग आवळून बसवावा.

पॉइंट साफ करतानाही फरक आहे. रेग्युलेटरच्या पॉइंटना बारीक कार्बोरंडम चालतो, कटआउटच्या पॉइंटना फक्त बारीक काचपेपर. ते मऊ असतात. एमरी लावली तर तिचे कण त्यांत रुततात. शेवटी दोन्ही स्पिरिटच्या फडक्याने पुसावेत.

आता पोलॅरिटी, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडायचे ते. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो. सवयीने निगेटिव्ह जोडला तर कटआउट मिटताच डायनामो आणि बॅटरी एकमेकांत मिसळून दुप्पट जोर लावतात, पॉइंट जागीच चिकटतात आणि वायरिंग जळते. अर्थ मुद्दाम बदलला असेल किंवा डायनामो बरेच दिवस पडून असेल, तर त्याचे चुंबकत्व नव्याने भरावे लागते. डी आणि एफ दोन्ही वायरी काढाव्यात आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलवरून आणलेली वायर डायनामोच्या एफवर क्षणभर दोन-तीनदा टेकवावी. छोटी ठिणगी पडते, काम झाले. अमेरिकन डेल्को-रेमी डायनामोंत फील्डचा अर्थ रेग्युलेटरमधून जातो, तिथे ही पद्धत चालत नाही.

सहा व्होल्टच्या गाड्यांची तक्रार वेगळी, दिवे मिणमिणतात. 36 वॅटचे दोन हेडलाइट तिथे बारा अँपिअर ओढतात. वाटेतल्या स्विचमध्ये आणि लगांत मिळून 0.1 ओहमचा अडथळा असला की 1.2 व्होल्ट तिथेच जातात. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने घटले, तरी उजेड जवळपास निम्मा होतो. बारा व्होल्टचा घाट घालण्याआधी हे सांधे साफ करावेत आणि बारीक वायरी बदलून जाड टाकाव्यात. सेल्फचेही तेच: बारा व्होल्टच्या गाडीची बारीक बॅटरी केबल लावली तर सेल्फ रेंगाळणारच.

मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सिग्नलला उभे असताना अँपिअर मीटर डिस्चार्ज दाखवतो. स्लो स्पीडला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे याची काळजी करू नये.

इतके करूनही अल्टरनेटरच हवा असेल तर तो जरूर बसवावा. मात्र उतरवलेला डायनामो, पेटी आणि ब्रॅकेट तेलकट कागदात गुंडाळून ठेवावेत, आणि गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह होता की निगेटिव्ह, हे वर चिठ्ठी लावून लिहावे. गॅरेजवाल्यांनाही कळकळीची विनंती: काढलेला माल मालकाच्या हाती द्यावा.

— जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा एक वाचक, पुणे