अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या ‘एमएलके५०’ या बातम्यांच्या संकेतस्थळाला एका मराठी वाचकाचं आभाराचं पत्र

प्रिय वेंडी थॉमस आणि ‘एमएलके५०’च्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्यासाठी लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचा वाचक मेम्फिसमधला कृष्णवर्णीय कष्टकरी आहे. तो तासाच्या दराने राबतो, दोन दोन नोकऱ्या करतो आणि बस चुकली की त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार बुडतो. मी त्यातली नाही. कॉलिअरव्हिल या उपनगरात आमचं घर आहे, मी मालवाहतुकीच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते, विम्याचे पैसे कंपनीच भरते. तरीही तुमचे आभार मानायचे आहेत, आणि तेही मराठीत, चारचौघांत. आमच्या माणसांनी ते वाचावेत अशी इच्छा आहे म्हणून.

आम्ही देशी मंडळी या शहराच्या कडेकडेने राहतो. विमानतळ, ऑफिस, ईड्सचं देऊळ, इंडियन ग्रोसरी, गणपतीतले पाच दिवस. शहराच्या मधल्या भागाबद्दल नव्याने आलेल्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘अंधार पडल्यावर तिकडे फिरकू नका’ असा. टीव्हीवरच्या बातम्या त्यावर रोज शिक्का मारतात: गोळीबार, गाडी पळवली, पोलिसांची पिवळी फीत. त्या फितीपलीकडे राहणारा माणूस सकाळी कुठे कामाला जातो, त्याला काय मिळतं आणि त्यातलं कोण काय कापून घेतं, याची बातमी नसते.

ही तक्रार जुनी आहे, आणि ती करणारा माणूसही साधासुधा नव्हता. ३ एप्रिल १९६८च्या रात्री इथल्या मेसन टेंपल या चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी जे शेवटचं भाषण केलं, त्याचा शेवट सगळ्यांना पाठ असतो. मला त्यातला आधीचा एक भाग जास्त मोलाचा वाटतो. किंग तिथे वर्तमानपत्रांबद्दल बोलतात. मोर्चात दुकानांच्या काचा फुटल्या, त्याच्याच बातम्या आल्या. १,३०० सफाई कामगार संपावर आहेत आणि हे शहर त्यांच्याशी न्यायाने वागत नाही, याचा उल्लेखही क्वचितच सापडतो, असं ते सांगतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली.

संप का झाला होता, हे मला इथे आल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. १ फेब्रुवारी १९६८ला धो धो पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार आडोशाला कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबायचं यंत्र अचानक चालू झालं आणि दोघे त्यात चिरडले गेले. गाड्या जुन्या झाल्यात, धोक्याच्या आहेत, हे कामगार आधीपासून सांगत होते. १२ फेब्रुवारीला काम बंद पडलं. ‘मी माणूस आहे’ असे फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावर चालले.

किंग यांच्या हत्येला पन्नास वर्षं होतील तेव्हा हे शहर कुठे पोचलं आहे ते बघू, एवढ्याच हेतूने वेंडीताई, तुम्ही २०१७मध्ये ‘एमएलके५०’ सुरू केलंत; नावात किंग यांची आद्याक्षरं आणि ती पन्नास वर्षं. शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रातली स्तंभलेखनाची ओळख मागे ठेवून, हाताशी फारसा पैसा नसताना. एका वर्षापुरता बेत होता. वर्ष संपलं, काम संपलं नाही. बातमी वाचायला पैसे नाहीत, खर्च देणग्यांवर आणि संस्थांच्या अनुदानावर. असली कामं दोन वर्षांत बसतात, हा आमच्याकडचा अनुभव. तुम्ही टिकलात.

मोठमोठ्या मालकांना तुम्ही एक साधा प्रश्न विचारलात: तुमच्याकडे तासाला १५ डॉलरपेक्षा कमी मिळणारे किती जण आहेत? नोकऱ्या किती आणल्या हे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ असतात. पगार विचारला की आवाज खाली येतो.

पण मी तुमची खरी वाचक झाले ती हॉस्पिटलच्या लेखमालेमुळे. जून २०१९मध्ये ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेबरोबर तुम्ही ती छापलीत. मेथडिस्ट ले बॉनर हेल्थकेअर हे चर्चशी जोडलेलं, ना-नफा म्हणून करमाफी घेणारं शहरातलं बडं नाव. २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत त्यांनी बिल थकवलं म्हणून ८,३००हून जास्त दावे दाखल केले होते. हा आकडा कुणी गुप्तपणे आणून दिलेला नव्हता. शेल्बी काउंटीच्या दिवाणी कोर्टाच्या दप्तरात तो पडून होता, जाईल त्याला दिसेल असा. तुम्ही गेलात. नुसती कागदपत्रं चाळून परत आला नाहीत, सुनावण्यांना बाकावर बसलात.

त्यातली एक बाई माझ्या डोक्यातून जात नाही. किराणा दुकानात काम करणारी, तासाला नऊ डॉलरच्या आसपास मिळवणारी. २००७मध्ये दोन रात्री हॉस्पिटलात राहिली, त्याचं बिल बारा हजार डॉलर. व्याज आणि वकिलाची फी चढत चढत ते तेहतीस हजारांच्या वर गेलं होतं. तिचं वर्षाचं उत्पन्न त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं. सावकारीच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. वहीत अंगठा उमटवून घेणारा सावकार धोतर-टोपीतला असतो, अशी आमची समजूत. इथे तो करमाफीवाला निघाला. पुढच्या लेखात तर कळलं की हॉस्पिटल आपल्याच नोकरांवर दावे लावत होतं. ज्यांच्या पगारात हॉस्पिटलचं बिल भरणं शक्य नाही, त्यांचा पगार ठरवणारं तेच आणि तोच पगार कापून मागणारंही तेच.

महिन्याभरात हॉस्पिटलने धोरण बदललं. कमी उत्पन्नाच्या रुग्णांवर दावे लावणं थांबवलं, सवलतीची मर्यादा वाढवली, स्वतःच्या कामगारांना २०२१पर्यंत तासाला किमान १५ डॉलर द्यायचं कबूल केलं. पुढे ५,३००हून जास्त लोकांचं मिळून १ कोटी १९ लाख डॉलरचं देणं पुसून टाकलं. पत्रकारितेला इतकं रोख फळ इतक्या लवकर क्वचितच येतं. तुम्हाला त्यासाठी मोठे पुरस्कार मिळाले, ते मिळायलाच हवे होते.

यातून आमच्या घरात काय झालं, ते सांगते.

आमच्याकडे साताऱ्याचा एक विद्यार्थी भाड्याने राहायचा. एका हिवाळ्यात त्याचं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन नीट झालं, पोरगा आठवड्यात हिंडू-फिरू लागला आणि मग बिलं यायला लागली. हॉस्पिटलचं वेगळं, सर्जनचं वेगळं, भुलीच्या डॉक्टरांचं वेगळं. विद्यार्थ्यांचा विमा होता, पण त्याने भरलं त्याहून भरलं नाही तेच जास्त. अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. व्हिसावर काही येईल या धास्तीने त्याने फोन उचलणंच सोडून दिलं. घरी कळवलं नव्हतं. जेवायलाही तो खाली येईनासा झाला, तेव्हा मी विचारलं.

तुमची लेखमाला वाचलेली नसती तर मीही आपल्याकडचाच सल्ला दिला असता: मित्रांकडून उसने घे आणि मोकळा हो. आमच्या मध्यमवर्गाला देणं डोक्यावर राहण्याची लाज फार. बिल बरोबर आहे का, हे विचारायचीही लाज. पण विमा असला तरी माणूस कोर्टापर्यंत जाऊ शकतो, विमा आहे म्हणून सवलत नाकारली जाऊ शकते आणि सवलतीचं धोरण नावाचा कागद मुळात अस्तित्वात असतो, हे सगळं मला तुमच्यामुळे माहीत होतं. ना-नफा हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं धोरण लेखी ठेवावंच लागतं, ते लोकांना कळवावं लागतं, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत आलेला अर्ज बघावा लागतो. हा अमेरिकेचा केंद्रीय कायदा आहे. आम्ही तो कागद छापला, बिलाची बाबवार यादी मागवली, पगाराच्या चिठ्ठ्या जोडल्या आणि अर्ज केला. हॉस्पिटल कोणतं ते सांगत नाही. फोनवरच्या बाईंनी असा काही अर्जच नसतो म्हणून आधी सांगितलं होतं, एवढंच सांगते. हॉस्पिटलच्या हिश्शाचं बहुतेक बिल माफ झालं. सर्जनचं त्याने हप्त्यांनी फेडलं.

शेवटी त्याने आईला फोन केला. मला वाटलं, माउली रडेल. ती मला म्हणाली, “अहो, इकडे पण तसंच. धर्मादाय दवाखान्यात दहा टक्के खाटा गरिबांना फुकट, दहा टक्के सवलतीत, असा नियम आहे. पण आपण तोंड उघडल्याशिवाय कोण देतंय?” त्या बाईंना हे सगळं आधीच माहीत होतं, मला शिकायला मेम्फिसला यावं लागलं.

तुम्हाला हे काम सुखाने करू दिलं गेलं नाही, हेही आमच्या लोकांना कळायला हवं. नागरिकांवर राजकीय पाळत ठेवणार नाही, असं मेम्फिस शहराने १९७८ साली कोर्टापुढे मान्य केलं होतं. २०१८च्या खटल्यात उघड झालं की पोलीस ‘बॉब स्मिथ’ या खोट्या नावाने फेसबुकवर लोकांवर नजर ठेवत होते, आणि ज्यांच्यावर लक्ष होतं त्यांत वेंडीताई, तुम्हीही होता. शहराने करार मोडला, असा निकाल लागला. २०२०मध्ये महापौर कार्यालयाच्या पत्रकारांच्या यादीत तुम्हाला जागा मिळेना, तर त्यासाठीही कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे तडजोड झाली. ज्यांना पत्रकार मानायला तयार नव्हते, त्यांच्यावरच पाळत ठेवण्याची तसदी मात्र घेत होते.

मेम्फिसला हे नवं नाही. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स याच शहरात ‘फ्री स्पीच’ हे वर्तमानपत्र चालवायच्या. मार्च १८९२मध्ये जमावाने किराणा दुकान चालवणाऱ्या तिघा कृष्णवर्णीयांना ठार मारलं. बाईंनी त्यामागचं कारण, म्हणजे धंद्यातली चढाओढ, सरळ लिहिलं. मे महिन्यात त्या बाहेरगावी असताना छापखाना उद्ध्वस्त झाला. पुढे त्या इथे राहायला कधी परतल्या नाहीत. बील स्ट्रीटवर आता त्यांचा पुतळा आहे, २०२१ साली बसवलेला. छापखाना मोडायला एक रात्र पुरली, पुतळ्याला १२९ वर्षं लागली.

आमच्या मराठीतही या वाटेवर पावलं आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्यांना अर्पण केलं, म्हणजे तिकडून इकडे आलेलं आभाराचं पत्र हे पहिलं नव्हे. ३१ जानेवारी १९२०ला बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापा म्हटलं, तरी ‘केसरी’ने नकार दिला होता. पहिल्या पानावर तुकोबांचा अभंग होता: ‘काय करूं आतां धरूनियां भीड । नि:शंक हें तोंड वाजविलें ॥’ तुमच्या कचेरीत भिंत मोकळी असेल तर हा लावून टाका. अर्थ समजावून सांगायला कॉलिअरव्हिलहून मी येईन.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिलेत, पाण्याचे. दक्षिण-पश्चिम मेम्फिसमधल्या बॉक्सटाउनची वस्ती गुलामीतून सुटलेल्या लोकांनी रेल्वेच्या डब्यांची लाकडं जोडून उभी केलेली. तिथून बायहेलिया तेलवाहिनी नेण्याचा घाट घातला गेला, आणि हाच मार्ग का, तर इथे विरोध सगळ्यांत कमी होईल म्हणून, असं कंपनीचा माणूस लोकांसमोर बोलून गेला. अंदाज साफ चुकला. बॉक्सटाउनचे लोक उठले, तुम्ही त्यांच्या सभांना, कोर्टाला, नगरपालिकेला हजेरी लावून लिहीत राहिलात, आणि जुलै २०२१मध्ये कंपनीने बेत गुंडाळला. ती वाहिनी जिथून जाणार होती तिथे जमिनीखाली जो पाण्याचा साठा आहे, त्याच वाळूच्या थरातलं पाणी माझ्याही नळाला येतं. लढले बॉक्सटाउनवाले. आमच्या उपनगरातून किती जण तिकडे गेले होते, ते विचारू नका.

सोबत वर्गणी पाठवली आहे, दरमहाची. एक विनंतीही आहे. गोदामांमध्ये एजन्सीमार्फत भरलेल्या हंगामी कामगारांवर लिहीत राहा. मी ज्या धंद्यात आहे तो त्यांच्या रात्रपाळीवर चालतो. पडद्यावर मला पार्सल कुठे आहे ते सेकंदागणिक दिसतं, ते उचलणाऱ्याला तासाला काय मिळतं ते दिसत नाही.

साताऱ्याचा मुलगा आता नॅशव्हिलला नोकरीला आहे. त्याच्या आईला तुमच्याबद्दल सांगितलं, तेव्हापासून त्या ‘पेपरवाल्या बाईंना कंदी पेढे पाठवायचेत’ म्हणून मागे लागल्या आहेत. विमानतळावर सोडतील की नाही ते मी बघते. कचेरीत कोण कधी असतं, तेवढं कळवा.

आपली वाचक,
कॉलिअरव्हिल, टेनेसी