डॅशबोर्डवरचा बाप्पा

प्रिय पक्या,

चार महिने तुझा फोन उचलला नाही, शिव्या नंतर घाल. मी बरा, आईची शुगर जिथल्या तिथे.

वडगाव पुलाखाली टेम्पोला मागून ठोकलं. स्पीड तीसेक असेल, बंपर चेपला एवढंच, पण एअरबॅग उघडल्या. सुतळी बॉम्बसारखा आवाज, गाडीभर पांढरी भुकटी, जळका वास, आणि तुझी वहिनी कपाळ धरून. मनगट फ्रॅक्चर, भुवईवर पाच टाके. टाके बॅगेचे नाहीत रे, तुझ्या गणपतीचे. आठवतंय ना, डबल टेप लावून तू डॅशबोर्डवर चिकटवलास, मी म्हणत होतो कडेला लाव, तू म्हणालास बाप्पा वहिनीसमोरच शोभतो, आणि 'एअरबॅग' ही अक्षरं बरोब्बर आसनाखाली गेली. त्यावरून भांडता भांडता आपण २००९ च्या मिसळीचे पैसे कोणी दिले इथपर्यंत पोचलो होतो. (मीच दिले होते.)

आता मेव्हणा वकील घेऊन आलाय. आधी रिकॉल बघितला, म्हणजे खोट निघालेल्या गाड्या कंपनी परत बोलावते ते, आपली गाडी त्यात नाही. वकील म्हणे एवढ्या स्पीडला बॅग उघडली म्हणजे सेन्सरमध्ये खोट असू शकते, २०१९ च्या ग्राहक कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटी आहे, म्हणजे सदोष मालाने इजा झाली तर कंपनी जबाबदार, दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात केस टाकू. २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा क्रेटा गाडीचा निकालही दाखवला, त्यात बॅगा उघडल्याच नव्हत्या, कोर्टाचं म्हणणं, गिऱ्हाईक काय वेगाचं न् जोराचं गणित मांडत बसणार का. मी खूश. मग बाप्पाचं सांगितलं तर त्यांनी पेनच खाली ठेवलं.

म्हणाले, मूर्ती अर्जात नको. इशारा नीट दिला नसेल तर कंपनी अडकते, पण मॅन्युअलमध्ये चित्रासकट छापलंय की तिथे काही ठेवू नका. आता नको कसं? हिने डॉक्टरला सांगितलंय, केसपेपरवर 'मूर्ती लागून' असं लिहिलंय! आणि ही लोकांना सांगते बाप्पाने वाचवलं, मला तोंड उघडता येत नाही. सोंड तुटलीय, खाली टेप अजून चिकटलेलाच. आई म्हणते भंगलेली मूर्ती घरात नको, विसर्जन करा. मी म्हणतो थांब, आणि का थांब ते सांगत नाही. सगळं लिहून टाकावं असं वाटतं, मग परत हॉस्पिटलचं बिल बघतो.

तुझ्या नाशिकच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिंगीची दहावी ना यंदा?

मूर्ती कोणी चिकटवली असं आयोगात विचारलं तर तुझं नाव सांगू का? शनिवारी फोन करतो, उचल.

तुझा,
संज्या