घोडा नको, चारा द्या, आणि जमलं तर रविवारची सकाळ द्या

नमस्कार मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय आणि जिथे आपण दिव्यांग मुलांना थेरपी म्हणून घोड्यावर बसवतो त्या आपल्या पागेतली गवताची खोली अजून निम्मी पण भरली नाहीये, म्हणून हा मोठा मेसेज. जरा शेवटपर्यंत वाचा, कारण मदत करायची इच्छा बऱ्याच जणांची असते पण नेमकं काय द्यायचं ते कळत नाही, आणि मग आमच्या दारात भलतंच काहीतरी येऊन उभं राहतं.

भलतंच म्हणजे घोडे. खरंच. अधूनमधून कोणाचा तरी फोन येतोच की आमच्याकडे एक घोडा आहे, फुकट देतो, तुमच्या मुलांसाठी ठेवा. भावना चांगली आहे हो, पण रेसमधून रिटायर झालेला घोडा आम्ही कसा घेणार? रपेटीच्या कुठल्याही घोड्याला पोटाशी पाय आवळला की पुढे चल एवढं कळतं, आणि रेसचा तर सुटायला तयारच असतो. आमच्या सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहिलेल्या) पोरांचे पाय मुळात आवळलेलेच असतात, स्नायू ताठ, पोरगं बिचारं काहीच सांगत नसतं पण घोड्याला वाटतं पळ म्हणाला. वरातीचा घोडा आवाजाला सरावलेला असतो हे मान्य, पण कित्येकांच्या तोंडात काटेरी लगाम घातलेला असतो (प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे त्याला, तरीपण), मग तोंडाजवळ कोणाचाही हात गेला की मान झटकतात. आम्हाला लागतो ठेंगणा, पोक्त, थंड डोक्याचा घोडा, खांद्यापाशी साडेचार फुटांच्या आसपास, म्हणजे बाजूने चालणाऱ्या माणसाचा हात मुलाच्या कमरेपर्यंत पोचतो. असे पाच आहेत आपल्याकडे, त्यातली दोन भीमथडीची, म्हणजे आपल्या दख्खनच्या जातीची, तट्टं. तेवढे पुरे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते आपण इथे करतो काय. खोगीर न घालता, पाठीवर जाड नमदा आणि धरायला मूठ असलेला पट्टा बांधून मुलाला बसवतो आणि घोडा चालवतो, फक्त चालवतो, दुडकी नाही, पळवणं तर नाहीच. घोडा चालताना त्याची पाठ पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडी गोल अशी तिन्ही बाजूंनी हलते, आणि आपण चालताना आपली कंबर जशी हलते त्याच्याशी ते खूप जुळतं. जे मूल स्वतःच्या पायावर कधी चाललंच नाही त्याच्या कमरेला चालणं म्हणजे काय ते इथे कळतं. मिनिटाला साधारण शंभर पावलं धरली तर वीस मिनिटांत दोन हजार वेळा तोल जातो आणि दोन हजार वेळा मूल तो सावरतं, आणि कंटाळत नाही! वर घोड्याचं अंग आपल्यापेक्षा थोडं गरम असतं, त्या उबेनेही ताठ स्नायू सैल पडतात. एका आईने सांगितलेलं माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणाली, बाकी काय फरक पडला ते डॉक्टर बघतील, पण इथून नेल्यावर त्या रात्री डायपर बदलताना ह्याचे गुडघे उघडतात हो, एरवी दोघांना मिळून ओढावे लागतात.

हे सगळं म्हणजे औषध नाही, हेही स्पष्ट लिहिते. बसताना पाठ धरणं, मान धरणं, तोल, यात फायदा दिसतो. पण घोड्यावर बसलं की मूल चालायला लागतं असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, आणि चालू असलेली फिजिओथेरपी तर अजिबात बंद करू नका. शिवाय प्रत्येकाला बसवता येत नाही. फिट्स कंट्रोलमध्ये नसतील, खुब्याचा सांधा निखळलेला असेल तर आम्ही नाही म्हणतो, डाउन सिंड्रोम असेल तर आधी मानेची तपासणी आणि एक्स-रे लागतो. आईवडील नाराज होतात, पण इलाज नाही.

कोणाला हे नवीन फॅड वाटत असेल तर एक सांगते. ज्या हेलसिंकीत १९५२ ला आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं ब्राँझ आणलं, त्याच ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेलने घोडेस्वारीत सिल्व्हर मिळवलं. १९४४ मध्ये तिला पोलिओ झालेला, गुडघ्याखालचे पाय निकामी, घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. तिच्यानंतर युरोपात या कामाला खरा जोर आला.

आता मागण्या. पहिली आणि सगळ्यात मोठी, माणसं. एका मुलामागे तीन माणसं लागतात, एक पुढे घोडा धरणारा आणि दोन दोन्ही बाजूंनी चालणारी. घोडा धरायला आपले मोतद्दार आहेत. बाजूने चालणारे कमी पडतात आणि त्यापायी शनिवार-रविवारी पागेत घोडा मोकळा उभा आणि बाहेर मूल वाट बघत बसलंय असं होतं, हे बघवत नाही. काम सोपं दिसतं पण आहे मेहनतीचं, एक हात मुलाच्या मांडीवर आडवा ठेवायचा, घोड्यावर रेलायचं नाही, पलीकडच्या माणसाशी गप्पा मारायच्या नाहीत, लक्ष फक्त मुलाकडे. हात भरून येतो, मग घोडा थांबवून बाजू बदलून देतो. वय १६ च्या पुढे, अर्धा-पाऊण तास वाळूत चालता आलं पाहिजे, बंद बूट, उडणारी ओढणी नको, छत्री तर नकोच नको. घोड्याची भीती वाटत असेल तरी या, पहिले दोन रविवार नुसता खरारा करायला देऊ, भीती जाते.

दुसरी मागणी चारा. आपले घोडे ३५० ते ४०० किलोचे, वजनाच्या दोन टक्के म्हणजे रोजचे सात-आठ किलो वाळलेलं गवत एकेकाला, पाच जणांचं महिन्याला अकराशे किलोच्या पुढे जातं आणि हे दिवाळीपर्यंत पुरवायचंय, कारण डोंगरचं नवीन गवत त्यानंतरच कापून येतं. पावसातलं हिरवं गवत फुकट मिळतं पण त्यात पाणीच जास्त, नुसत्या त्याच्यावर भागत नाही. मुळशीकडच्या मंडळींनो, भाताचा पेंढा पण चालेल, खायला नाही तरी खाली अंथरायला. फक्त बुरशी लागलेला नको, घोडे खोकतात. पैसे द्यायचे असतील तर थेट चारावाल्याकडे आपल्या नावावर भरा, भाव दर आठवड्याला बदलतो म्हणून इथे आकडा टाकत नाही.

आणि हात जोडून विनंती, वाढदिवसाला, अमावस्येला पोळ्या, लाडू, पावाच्या लाद्या, मेथीच्या जुड्यांची पोती आणून घोड्यांसमोर ओतू नका. घोड्याला उलटी होत नाही. जे गेलं ते गेलं, पोटात कळ धरली की रात्रभर त्याला फिरवत डॉक्टरची वाट बघायची आणि प्रसंगी घोडा जातो. पुण्य करायचंच असेल तर एका नालबंदीचे पैसे भरा, दीड-दोन महिन्यांनी खूर तासावेच लागतात प्रत्येकाचे.

तिसरं, रॅम्प. मुलं मोठी होतायत, १२-१३ वर्षांच्या मुलाला व्हीलचेअरवरून उचलून घोड्यावर ठेवताना बापाची कंबर जाते. अडीच फुटांचा ओटा पाहिजे, आणि दर फूट उंचीला बारा फूट लांब उतार म्हटलं तर तीस फूट लांब रॅम्प होतो. जागा आहे. कोणी फॅब्रिकेशनवाले, गवंडी, सिमेंटवाले ओळखीचे असतील तर पाठवा, मजुरी देऊ, मटेरियलमध्ये सूट द्या म्हणावं.

पैशांचं थोडं. ८०जी ची पावती मिळते, पण रोख २,००० च्या वर दिलेत तर करसवलत मिळत नाही, आणि जुनी करपद्धत घेतली असेल तरच उपयोग, तेव्हा चेक किंवा यूपीआय बरं. परदेशातले जे भारतीय पासपोर्टवाले आहेत त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर चालतं. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्डवाले पण, त्यांचे पैसे विदेशी देणगीत धरतात आणि आपल्याकडे ते रजिस्ट्रेशन नाही, त्यामुळे रागावू नका, इथे सुट्टीवर आलात की दोन सकाळी चालायला या. क्यूआर कोड मुद्दाम या मेसेजमध्ये टाकलेला नाही, फॉरवर्ड होता होता कोणाचा कोड चिकटेल सांगता येत नाही. ऑफिसच्या भिंतीवर लावलाय, येऊन बघा, घोडेही बघा.

शनिवार-रविवार सकाळी ७ ते १० आम्ही असतोच. बागवाल्यांसाठी, कुजलेलं लीदखत ढिगाने पडलंय, पाऊस सुरू व्हायच्या आत घेऊन जा. गोणी आणि फावडं तुमचं.